तिश्रीच्या उंबरठ्यावर अष्टागर

भाद्रपदाचा वद्य पक्ष सरत आला, की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मराठी घरांत दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात: एकीकडे पितरांची श्राद्धे यथासांग उरकावयाची असतात, आणि दुसरीकडे माळ्यावरच्या पेट्या खाली काढून, कोलूच्या बाहुल्यांवरील वर्षभराची धूळ पुसून, घटस्थापनेच्या दिवशी त्या पायऱ्यांच्या मांडणीवर बसविण्याची सिद्धता करावयाची असते. तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारु, मन्नारगुडी ह्या गावांत जी मराठी कुटुंबे व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, तमिळ भाषेच्या सहवासात नांदत आली आहेत, त्यांच्या वर्षातील हा सर्वांत गजबजलेला पंधरवडा होय. ह्याच दिवसांत, तेथून शेकडो कोस दूर, कोकणच्या किनाऱ्यावर, मराठी बोलणारा आणि हिब्रू भाषेत प्रार्थना करणारा एक अल्पसंख्य यहुदी समाज आपला एलूल महिना संपवून तिश्री महिन्याच्या स्वागतास लागलेला असतो. त्या समाजाचे नाव बेने इस्रायल. त्याच्या सणासुदीची तयारी प्रत्यक्ष पाहावी, एवढ्याच हेतूने मी अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या परिसरातील किनारपट्टीत, गेलो होतो.

माझे बालपण कावेरीकाठच्या अशाच एका मराठी घरात गेले. चोळांची शिवालये, नागूरचा दर्गा आणि वेळांकण्णीचे मातृमंदिर ह्या तिन्ही ठिकाणची यात्रेकरूंची वर्दळ आमच्या अंगवळणी पडलेली होती. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांनी बांधविला, हे घरातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत. सिनेगॉग मात्र मी त्या गावांत पाहिलेले नव्हते. परक्या भाषेच्या प्रदेशात राहून आपले कुलाचार टिकविणाऱ्या घरात जन्मास आल्यामुळे असेल, पण आपल्याच भाषेच्या प्रदेशात राहून निराळा धर्म दोन सहस्र वर्षे टिकविल्याचे सांगणाऱ्या ह्या लोकांविषयी मला पहिल्यापासून आस्था वाटत आली आहे.

दोन्हीकडचे सण असे जवळजवळ का येतात, ह्याचे कारण गणिताचे आहे. यहुदी महिना आपल्या अमान्त महिन्याप्रमाणेच नव्या चंद्राबरोबर सुरू होतो. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते. आणि ऋतूंशी त्याची फारकत होऊ नये म्हणून १९ वर्षांत ७ वेळा एक महिना अधिक धरला जातो, ज्याप्रमाणे आपण अधिकमास धरतो. त्यामुळे तिश्रीची प्रतिपदा, म्हणजे यहुदी नववर्षाचा दिवस, अनेक वर्षी घटस्थापनेच्या आगेमागे येतो, आणि अधिकमासाच्या फरकाने काही वर्षी महिनाभर आधी पडतो. ज्या वर्षी दोन्ही प्रतिपदा जुळतात, त्या वर्षी तिश्रीची पौर्णिमा ही कोजागरीच असते, आणि एलूलचा वद्य पक्ष हा पितृपक्ष असतो. त्या पक्षात हे लोक पूर्वजांच्या कबरींना भेट देतात, हे कळल्यावर तर मला त्यांच्या पंचांगात परके असे काही वाटलेच नाही.

मुंबईच्या बंदरातून मांडव्याला उतरून अलिबागची वाट धरली, की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला भातखाचरे अशी सोबत लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच मिठागरे, आणि निसवलेल्या भाताचा तो ओलसर सुवास घेताना मला आमच्याकडील कुरुवै पिकाच्या कापणीचे दिवस आठवले. मेट्टूरच्या धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा जो प्रघात आहे, त्यावर ज्यांचे वर्ष उभे असते, त्या माणसाला नव्या भाताचे अप्रूप कोणी शिकवावे लागत नाही. किहीम ओलांडले, की थोड्याच अंतरावर नवगाव येते. बेने इस्रायलांच्या इतिहासाचा आरंभ ह्या गावी होतो.

परंपरा अशी, की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटायोकस एपिफेनीस ह्या राजाच्या छळाला कंटाळून गॅलिलीतून निघालेल्या काही कुटुंबांचे गलबत खांदेरी-उंदेरीच्या जवळपास फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच जीव नवगावच्या किनाऱ्याला लागले. आणि समुद्राने परत दिलेली इतरांची प्रेते त्यांनी तेथेच मूठमाती देऊन पुरली. ह्या कथेस समकालीन लिखित पुरावा नाही, आणि समाजाच्या आगमनाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु नवगावच्या दफनभूमीत उभे राहिल्यावर वादाचे महत्त्व कमी होते. माडांच्या सावलीत जुन्या कबरींचे चौथरे आहेत, आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला एक स्तंभ आहे. एलूल महिन्यात मुंबई-ठाण्याहून येथे कुटुंबे येतात, कबरींवरचे गवत उपटतात, मेणबत्त्या लावतात आणि हिब्रू प्रार्थना म्हणून परत फिरतात. सणाची तयारी मृतांच्या स्मरणाने सुरू करण्याची ही रीत मला अत्यंत योग्य वाटली.

किनाऱ्यास लागलेल्या ह्या लोकांचे धर्मग्रंथ, परंपरेप्रमाणे, समुद्रातच गेले. शेकडो वर्षे त्यांच्याजवळ राहिले ते थोडेच: मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथाचा विश्राम, खवले आणि पर नसलेल्या माशांचा निषेध, काही उपवास, काही सण, आणि ‘शमा’ ह्या प्रार्थनेचे पहिले शब्द, जे ते प्रत्येक मंगल प्रसंगी उच्चारीत. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावोगावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ज्या गावी ते वसले, त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून स्वीकारले: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, चेऊलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर. पुढे दाविद रहाबी नावाच्या एका परदेशी यहुदी गृहस्थाने त्यांचे आचार पाहून त्यांना ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या घराण्यांतील तिघांना शिकवून काजी नेमले, असे परंपरा सांगते. हे काजी गावोगाव फिरून लग्ने लावीत, सुंता करीत, तंटे मिटवीत.

सिनेगॉग ह्या समाजाच्या जीवनात त्या मानाने उशिरा आले. पहिले सिनेगॉग १७९६ साली मुंबईत बांधले गेले, आणि त्याची हकीकत ऐकताना मला कावेरीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. इंग्रजांच्या पलटणीतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरकरांशी झालेल्या दुसऱ्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. टिपूच्या मातोश्रींनी मध्यस्थी केल्यामुळे त्यांचा जीव वाचला, असे सांगतात. आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन हा नवस त्यांनी मुंबईस परतल्यावर फेडला. त्याच युद्धात, १७८१ साली, हैदरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला होता. एका युद्धाने कावेरीकाठची गावे ओस पाडली, आणि त्याच युद्धातून सुटून आलेल्या एका मराठीभाषक यहुद्याने मशीद बंदरच्या वस्तीत एक देवालय उभे केले. त्या देवालयाचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार.

हिब्रू वाचू शकणारा हजान, म्हणजे प्रार्थना चालविणारा, मिळणे ही पुढील अडचण होती. १८२६ नंतर कोचीनच्या यहुद्यांनी येऊन प्रार्थना शिकविल्या. १८३६ मध्ये शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईत स्थायिक झाले आणि १८५६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ह्या समाजाला उपासनेची शिस्त लावून दिली. डॉक्टर जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. त्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे एकामागून एक सिद्ध केली. ह्या जागृतीची लाट कोकणात पोहोचली, आणि रेवदंड्यास १८४२, अलिबागेस १८४८, पनवेलीस १८४९, पेणेस १८६३ अशी सिनेगॉगे उभी राहिली.

अलिबागचे ‘मागेन अबोथ’ इस्रायल आळीत आहे. १८४८ च्या वास्तूच्या जागी १९१० साली सध्याची इमारत बांधली गेली. मी गेलो तेव्हा आत साफसफाईचा धडाका चालला होता. बाके बाहेर काढून धुतली जात होती. छताला लोंबणाऱ्या काचेच्या हंड्या एकेक करून खाली उतरवून, राख आणि चिंचेने कड्या घासून, काचा मऊ फडक्याने पुसून पुन्हा चढविल्या जात होत्या. आणि ह्या कामावर देखरेख करणारे वयोवृद्ध गृहस्थ प्रत्येक हंडीची साखळी स्वतः ओढून पाहिल्याशिवाय पुढच्या हंडीला हात लावू देत नव्हते. मंदिराच्या मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा असतो, त्याला ‘तेवा’ म्हणतात. तेथे उभे राहून हजान प्रार्थना चालवितो. पश्चिमेच्या भिंतीशी, जेरुसलेमच्या दिशेला, ‘हेखाल’ नावाचे कपाट असून त्यात तोराचे चर्मपत्री सेफर उभे ठेवलेले असतात. त्यांच्यासमोर अखंड दिवा तेवतो. एका बाजूस एलियाहू हनबीचे आसन आहे. बालकाची सुंता होते तेव्हा त्या अदृश्य प्रेषिताच्या साक्षीसाठी ते राखून ठेवलेले असते.

नववर्षापूर्वी हेखालाचा रोजचा रंगीत पडदा उतरवून पांढरा पडदा लावतात, आणि सेफरांची वस्त्रेही पांढरी घालतात. पांढरा रंग हा ह्या दहा दिवसांचा रंग आहे, कारण पहिल्या तिश्रीपासून दहाव्या तिश्रीपर्यंतचा काळ परमेश्वराच्या दरबारात माणसाच्या वर्षभराच्या कृत्यांचा निवाडा होण्याचा मानला जातो. एलूल महिनाभर पहाटे ‘सेलिहोथ’ नावाच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना होतात. जुनी पिढी ह्या महिन्याला रमजान म्हणत असे आणि कित्येक भाविक महिनाभर दिवसाचे उपवास करीत. आता असे कडक व्रत करणारे विरळा, परंतु पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन सिनेगॉगची वाट चालणाऱ्या वडिलांच्या आठवणी सांगणारी माणसे अद्याप आहेत.

ह्या संस्थेचा कारभार पूर्वी कसा चाले, हे ऐकताना पेशवाईचे जुने दप्तर उघडल्यासारखे वाटते. समाजाचा मुख्य तो मुकादम. त्याचा साहाय्यक चौगुला. धर्मकृत्यांचा अधिकारी काजी. खजिन्याचा हिशेब ठेवणारा गबाई. आणि दिवाबत्ती, झाडलोट, आमंत्रणे ह्यांचा बंदोबस्त पाहणारा समाश. कोणाचे भांडण झाले, कोणी रीतिरिवाज मोडला, तर मुकादमापुढे सभा भरे, दोन्ही बाजू ऐकून निवाडा होई, आणि दंड बसल्यास त्याची रक्कम धर्मकार्याकडे जमा होई. गावच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या कारभाराची घडी ह्या लोकांनी आपल्या देवालयासाठी जशीच्या तशी स्वीकारली होती. आता विश्वस्तमंडळ आहे, नोंदणी आहे, वार्षिक हिशेबतपासणी आहे. तरी सणाच्या दिवशी सेफर उचलण्याचा, हेखाल उघडण्याचा, विशिष्ट प्रार्थना म्हणण्याचा मान कोणाला द्यावा, ह्याची बोली लावून ती रक्कम सिनेगॉगच्या खर्चास देण्याची वहिवाट कायम आहे. वर्षभराच्या तेलवातीची तरतूद पुष्कळ अंशी ह्या मानांतूनच होते.

पुरुषांची तयारी सिनेगॉगात आणि स्त्रियांची स्वयंपाकघरात, अशी विभागणी येथेही आहे, आणि ह्या दोहोंत अधिक कष्टाची कोणती, हे सांगण्यास फार विचार करावा लागत नाही. नववर्षाच्या ताटाचा मानकरी पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. आळीतील एका घरी तो होताना पाहण्याची परवानगी मला मिळाली. गहू तीन दिवस भिजत घातलेले होते. रोज पाणी बदलले जात होते. मग ते वाटून, फडक्यातून पिळून, गाळून, रात्रभर निवळत ठेवून वरचे पाणी ओतून दिल्यावर पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक राहिला होता. पलीकडे नारळ खवून त्यांचे दाट दूध काढण्याचे काम चालले होते. चीक, नारळाचे दूध, साखर आणि चिमूटभर मीठ मोठ्या पितळी भांड्यात एकत्र करून भांडे मंद विस्तवावर चढविले, आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने ढवळण्यास प्रारंभ झाला. अर्ध्या तासात हात भरून येतात. म्हणून घरातील सून, शेजारीण, मुंबईहून आलेला नातू असे एकामागून एक पुढे येत होते, आणि घरच्या वडील बाई पाटावर बसून मिश्रणाचा रंग पाहत होत्या.

“अहो, बसा ना असे उंबऱ्यात का उभे?” त्या मला म्हणाल्या. “हलवा काय लगेच होतोय? भांड्याची कड सोडीपर्यंत ढवळायचं. हात थांबला की गुठळी झाली म्हणून समजा. पूर्वी आळीत अख्खी रात्र घराघरांतून हे चालायचं. एकीचा झाला की ती दुसरीकडं ढवळायला जायची.”

मी विचारले, “बाई, दूध नारळाचेच का? गाईम्हशीचे का नाही?”

“सणाला जेवणात मटण असतं. मांसाच्या जेवणावर दुधाचं काही चालत नाही आम्हांला. नारळाचं चालतं,” त्या म्हणाल्या, आणि मग थोडे थांबून त्यांनी मलाच विचारले, “तुमच्याकडं नवरात्रात काय करतात?”

मी आमच्याकडील कोलूपुढे रोज वाटल्या जाणाऱ्या सुंडलाचे वर्णन केले: उकडलेले हरभरे, वर ओले खोबरे, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. त्यांनी ते बारकाईने ऐकले आणि सुनेला म्हणाल्या, “बघ, तिकडंही नारळावाचून सण नाही.” तोवर भांड्यातील मिश्रणाने कड सोडली होती. वेलदोड्याची पूड पडली, तूप न लावता तेलाचा हात फिरविलेल्या ताटांत हलवा ओतला गेला, वर बदाम-पिस्त्यांचे काप आणि चारोळी पेरली गेली, आणि थंड झाल्यावर सुरीने तिरक्या रेघा ओढून त्याच्या चौकोनी वड्या पाडण्यात आल्या. पहिली वडी कोणी तोंडात घातली नाही. एक ताट झाकून सिनेगॉगकडे रवाना झाले, आणि दुसरे शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांसाठी निराळे काढून ठेवण्यात आले.

तिश्री महिन्यातील सणांची मालिका ह्या लोकांनी मराठी नावांनी जतन केली आहे. पहिल्या दिवशी नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना. त्या दिवशी एडक्याचे शिंग, ‘शोफार’, फुंकले जाते. त्याचा तुटक, आर्त, पुन्हा दीर्घ होत जाणारा नाद ऐकून सर्व मंडळी स्तब्ध उभी राहते. सफरचंद मधात बुडवून खातात, खजूर आणि डाळिंब ताटात असतात. आणि तिसऱ्या प्रहरी पाण्याच्या काठी जाऊन पापे प्रवाहात सोडून देण्याची प्रार्थना करतात. मुंबईकर त्यासाठी बंदराच्या धक्क्यावर जातात; अलिबागकरांना कुलाब्याच्या किल्ल्यासमोरचा समुद्र जवळच आहे. तिसऱ्या दिवशी नव्याचा रोजा, आणि चौथ्या दिवशी जुन्या रीतीप्रमाणे खिरीचा सण: नव्या धान्याची, नारळाच्या दुधातील गोड खीर रांधून, तिच्यापुढे ऊद जाळून, ‘शमा’ म्हणून सगळे घर ती खाते. नवान्नाचा हा सोहळा ज्याने पाहिला, त्याला हे लोक कोकणच्या मातीत किती खोल रुजले आहेत, हे निराळे सांगावे लागत नाही.

दहाव्या तिश्रीस दारफाळणीचा सण, म्हणजे योम किपूर. आदल्या दिवशी स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले, की दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, व्यवहार नाही. जेव्हा सिनेगॉगे नव्हती तेव्हा हे लोक घराची दारे लावून घेत, परक्याचा स्पर्श टाळीत आणि दिवसभर आत बसून राहत. आता सारा समाज दिवसभर सिनेगॉगमध्ये असतो. पूर्वजांचे आत्मे ह्या वेळी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, निरोप घेतात, अशी जुनी समजूत होती. त्या शिळ्या सणाला गोरगरिबांना दान करावयाचे आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यावयाच्या, हा परिपाठ होय. मागील वर्षी ज्याच्याशी बोलचाल बंद पडली असेल, त्याच्याकडे किपूरच्या आधी आपण होऊन जाऊन क्षमा मागावी, कारण माणसाचा केलेला अपराध परमेश्वर परस्पर माफ करीत नाही, हा त्यांच्या धर्माचा दंडक आहे. मला सर्व तयारीत हीच तयारी सर्वांत कठीण आणि सर्वांत थोर वाटली.

पौर्णिमेला मांडव घातला जातो. सिनेगॉगच्या अंगणात बांबू रोवून, वर नारळीच्या झावळ्या अशा बेताने पसरतात, की दिवसा सावली पडावी पण रात्री फटींतून तारे दिसावेत; इजिप्तच्या दास्यातून सुटल्यानंतर चाळीस वर्षे अरण्यात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिलेल्या पूर्वजांचे ते स्मरण आहे. आत केळी, पेरू, सीताफळे, महाळुंगे अशी फळे टांगतात. आमच्या गावांतून लग्नकार्याचे ओल्या झावळ्यांचे मांडव घालणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. अलिबागच्या अंगणात झावळी उलटी-सुलटी विणणाऱ्या माणसाचे हात तेच कौशल्य दाखवीत होते. ह्या सप्ताहाच्या अखेरीस ‘सिम्हाथ तोरा’ येतो, आणि गंभीरपणे आरंभलेला महिना गाण्याबजावण्यात संपतो. सेफर खांद्यावर घेऊन तेव्याभोवती सात फेरे घेतात, मुले मागून नाचतात.

गाण्याचा विषय निघाला, म्हणून एक गोष्ट विस्ताराने सांगतो. १८८० साली मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. हरिदासांचे कीर्तन त्यांनी पाहिले होते. त्याची पद्धत घ्यावी, पण कथा आपल्या धर्मग्रंथातील असावी, असा त्यांचा संकल्प. अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी, आर्या ह्या वृत्तांत रचली गेली; बेंजामिन शिमशोन अष्टमकर ह्यांसारखे कीर्तनकार पुढे आले; आणि झांजा-मृदंगाच्या साथीवर मोशेने समुद्र दुभंगल्याचे वर्णन ऐकून कोकणातील यहुदी स्त्रीपुरुष सद्गदित होऊ लागले. हीच कीर्तनपद्धती, जवळजवळ त्याच शतकात, कावेरीकाठी दुसऱ्या दिशेने वाटचाल करीत होती. रामदासी मठांच्या आश्रयाने तंजावरास आलेले मराठी कीर्तन तमिळ भागवतरांनी आत्मसात केले. तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्याला कर्नाटक संगीताची जोड देऊन हरिकथेचे पूर्ण रूप दिले. आणि आजही तमिळ हरिकथेत साकी आणि दिंडी गायिल्या जातात. मराठीची ही दोन वृत्ते एकीकडे त्यागराजांच्या भूमीत तमिळ श्रोत्यांना प्रह्लादाची कथा सांगतात आणि दुसरीकडे अष्टागरात मोशेची. आपल्या भाषेचे औदार्य किती दूरवर पसरले होते, ह्याचे याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही.

अलिबागहून आक्षी, नागाव, चौल अशा माडांच्या सावलीतील वाटेने रेवदंड्यास गेलो. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या ह्या गावी १८४२ चे ‘बेथ एल’ सिनेगॉग उभे आहे. वास्तू नीट राखलेली आहे. उणीव आहे ती माणसांची. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते, त्या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. आणि ज्या गावांत एके काळी आळ्याच्या आळ्या ह्या समाजाच्या होत्या, तेथे आता नेहमीच्या शनिवारी दहाजण जमविणे दुष्कर झाले आहे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांना आपले यहुदीपण पूर्णतः मान्य करून घेण्यासाठी झगडावे लागले, आणि १९६४ मध्ये ते मान्य झाले. आज भारतात राहिलेले काही हजार लोक मुख्यतः मुंबई-ठाण्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला.

परंतु सणाच्या दिवसांत हे गणित बदलते. ठाण्याहून, मुंबईहून, क्वचित दिमोना किंवा अश्दोदहून सुद्धा मंडळी मूळगावी येतात. बंद घरांची कुलुपे निघतात. आणि आळीत पुन्हा मराठी, तीही जुन्या वळणाची कोकणी मराठी, मोठ्याने ऐकू येऊ लागते. पौष किंवा माघाच्या पौर्णिमेला, म्हणजे शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, अशीच गर्दी सागाव-खंडाळ्याला लोटते. तेथील खडकावर एलियाहू हनबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवितात. प्रेषित स्वर्गाच्या वाटेवर येथे टेकला, ही श्रद्धा आहे. ह्या यात्रेला ते एलियाहू हनबीचा उरूस म्हणतात. भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि सुका मेवा ह्यांचा मलिदा, भोवती पाच प्रकारची फळे, वर गुलाबाची फुले असे तबक मांडून स्तोत्रे म्हणतात आणि प्रसाद वाटतात. नागूरच्या कंदुरीच्या उत्सवात हिंदू कुटुंबे ज्या भावाने जातात, त्याच भावाने खंडाळ्याच्या खडकापाशी आसपासच्या गावचे शेतकरीही हात जोडून उभे राहतात.

ह्या सर्व प्रवासातून माझा एक निश्चित अभिप्राय बनला आहे, आणि तो कावेरीकाठच्या मराठी कुटुंबांनाही तितकाच लागू आहे. अल्पसंख्य समाजाला वाचविते ती त्याची सणापूर्वीची मेहनत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. तो लेख तेथे आहे, पण त्या गावांतील मराठी जिवंत राहिली ती कोलू मांडणाऱ्या, श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या, मुलांना ओव्या शिकविणाऱ्या स्त्रियांमुळे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा बहुमोल इतिहास लिहून ठेवला, आणि तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. तथापि त्यात वर्णिलेले खिरीचे आणि दारफाळणीचे सण आज जितके उरले आहेत, तितके ते चीक ढवळणाऱ्या आणि हंड्या घासणाऱ्या हातांनी उरले आहेत. जेथे हे हात कमी पडतात, तेथे इमारत शाबूत असूनही संस्था क्षीण होते.

म्हणून मराठी वाचकांस माझी विनंती आहे. अष्टागरात हजारो लोक समुद्रस्नानासाठी जातात. त्यांनी त्या सहलीतील एक सकाळ अलिबाग-रेवदंड्याच्या सिनेगॉगांसाठी राखून ठेवावी, विश्वस्तांची अनुमती घेऊन, मस्तक झाकून आत जावे, आणि हंड्या, तेवा, हेखाल ह्यांबरोबर तेथील माणसांचीही विचारपूस करावी. मराठीच्या विद्यालयांनी आणि विद्यापीठांनी बेने इस्रायल कीर्तने, प्रार्थनांची भाषांतरे आणि सणांचे विधी वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडून आताच लिहून घ्यावेत, कारण हे सांगू शकणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. हा ठेवा जितका यहुदी समाजाचा आहे तितकाच मराठी भाषेचा आहे, आणि त्याचे जतन करण्याची जबाबदारी केवळ उरलेल्या काही हजार माणसांवर टाकणे न्याय्य होणार नाही.